वरून खाली बांधलेला जिना

#थ्रेड

कोणत्या वयाच्या मुलाला कोणता इतिहास शिकवावा, हा प्रश्न वरवर पाहता शिक्षणशास्त्राचा वाटतो. परंतु विसाव्या शतकात तो युद्ध आणि शांततेचा प्रश्न होऊन बसला. आज 'आयबी' या दोन अक्षरांनी ओळखला जाणारा आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम, म्हणजेच इंटरनॅशनल बॅकलॉरिएट, याच प्रश्नातून उभा राहिला. विशेष म्हणजे त्याची उभारणी बालवर्गापासून वर झाली नाही. सोळा वर्षांच्या मुलांपासून सुरुवात होऊन तो सुमारे तीस वर्षांत तीन वर्षांच्या मुलांपर्यंत खाली उतरला. या उलट्या बांधणीची ही हकीकत.

सुरुवात १९२४ सालच्या जिनिव्हात होते. पहिल्या महायुद्धाची राख अजून पुरती निवाली नव्हती. राष्ट्रसंघ आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना या दोन नव्या संस्थांचे अधिकारी देशोदेशींहून सहकुटुंब या शहरात येऊन राहिले होते. युद्ध पुन्हा होऊ नये म्हणून दिवसभर कागद काळे करणाऱ्या या माणसांपुढे घरी एक साधीच अडचण होती : मुलांना कोणत्या शाळेत घालायचे? पोलिश डॉक्टर लुडविक राइखमान (हेच पुढे युनिसेफचे पहिले अध्यक्ष झाले), अमेरिकन पत्रकार आर्थर स्वीटसर आणि स्विस शिक्षणतज्ज्ञ अडॉल्फ फेरियेर यांनी पुढाकार घेतला आणि 'एकोल अँतरनास्योनाल' ही शाळा निघाली. फेरियेर यांच्या घराण्याच्या जागेतील लाकडी घरात, हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्या मुलांवर तिचा श्रीगणेशा झाला. स्वीटसर यांचा स्वतःचा देश राष्ट्रसंघाचा सभासदच नव्हता, हेही ध्यानात घेण्याजोगे आहे.

त्या काळी पाठ्यपुस्तकांविषयी युरोपात मोठी अस्वस्थता होती. शाळेत शिकवल्या गेलेल्या इतिहासाने एका अख्ख्या पिढीला खंदकांत नेऊन सोडले, असे अनेकांचे मत झाले होते. राष्ट्रसंघाच्या बौद्धिक सहकार्य समितीत आइन्स्टाइन आणि मादाम क्यूरी यांच्याबरोबर आपले जगदीशचंद्र बोसही होते. या समितीने १९२५ मध्ये स्पॅनिश सभासद कासारेस यांचा ठराव मान्य केला. शेजारच्या देशाच्या पुस्तकात आपल्याविषयी विपर्यस्त मजकूर आढळल्यास तो बदलण्याची विनंती करण्याची रीत त्यात सांगितली होती. ठराव सभ्य होता, आणि सभ्य ठरावांचे बहुधा होते तेच त्याचे झाले. त्याचा वापर फारसा कोणी केला नाही.

एकाच वर्गात इंग्रज, फ्रेंच आणि जर्मन मुले बसली की हा प्रश्न ठरावांपुरता राहत नाही. १८१५ सालची वॉटर्लूची लढाई घ्या. इंग्रज मुलाच्या घरी ती वेलिंग्टनने जिंकलेली असते, जर्मन मुलाच्या घरी ऐन वेळी पोहोचलेल्या ब्ल्यूखरने, आणि फ्रेंच मुलाच्या घरी ती एका सम्राटाची शोकांतिका असते. 'शिपायांचे बंड' की 'स्वातंत्र्यसमर' हा वाद माहीत असलेल्या मराठी वाचकाला याची वेगळी फोड करून सांगण्याची गरज नाही. फळ्यावर शीर्षक काय लिहायचे, इथूनच शिक्षकाची परीक्षा सुरू होते.

या वर्गाला सर्वांत विचारपूर्वक उत्तर दिले ते मारी-तेरेझ मोरेत या बाईंनी. १९२९ ते १९४९ अशी वीस वर्षे त्या शाळेच्या संचालिका होत्या. म्हणजे जागतिक मंदी, हिटलरचा उदय आणि दुसरे महायुद्ध हे सारे त्यांनी मुलांच्या सान्निध्यात पाहिले. १९४८ मध्ये युनेस्कोसाठी त्यांनी एक पुस्तिका लिहिली. शांततेसाठी शिक्षण देण्याची तंत्रे खरोखर अस्तित्वात आहेत काय, असा प्रश्नच तिच्या शीर्षकात होता. आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमाचा पहिला सुसंगत आराखडा म्हणून आज याच पुस्तिकेकडे बोट दाखवले जाते.

तिच्यातील दोन गोष्टी विशेष लक्षात घेण्यासारख्या आहेत. पहिली भूगोलाची. मोरेतबाईंचे वडील पॉल द्युपुई हे पॅरिसच्या प्रख्यात एकोल नॉर्मालमधून निवृत्त झालेले विद्वान. सत्तरीच्या घरात ते लेकीच्या शाळेत भूगोल शिकवू लागले. (गणिताच्या इतिहासात रस असणाऱ्यांना हे नाव ओळखीचे वाटेल. एव्हारिस्त गाल्वा या अल्पायुषी गणितज्ञाचे १८९६ सालचे चरित्र याच द्युपुईंचे.) त्यांनी नेहमीचा क्रम उलटा केला. गाव, जिल्हा, देश आणि मग जग, अशी चढण न चढता त्यांनी आधी पृथ्वीचा गोल मुलांपुढे ठेवला. अखंड पृथ्वी एकदा डोळ्यांत बसली, की आपला देश तिच्यावरील एक तुकडा म्हणून दिसतो. आधी देश डोळ्यांत बसला, तर जग हे त्याच्या भोवतालचे कुंपण वाटू लागते, असा त्यामागचा विचार.

दुसरी गोष्ट अधिक धाडसाची होती. बारा वर्षांचे होईपर्यंत मुलांना इतिहास हा विषय म्हणून शिकवूच नये, असे मोरेतबाईंचे मत होते. त्या वयाआधी मूल इतिहासातून विचार उचलत नाही, भावना तेवढ्या उचलते. आणि राष्ट्रांच्या कथांमधून जी भावना सर्वांत सहज उचलली जाते ती वैराची. बाराव्या वर्षानंतर इतिहास शिकवावा तोही जगाचा, एकाच काळात निरनिराळ्या भूभागांत काय चालले होते ते शेजारी शेजारी मांडून.

महाराष्ट्रात वाढलेल्या वाचकाने येथे क्षणभर थांबावे. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या याच्या नेमका उलट क्रम चालत आला आहे. तिसरीत आपल्या जिल्ह्याची ओळख आणि चौथीत 'शिवछत्रपती'. चौथीतले मूल नऊ-दहा वर्षांचे असते, म्हणजे मोरेतबाईंच्या हिशेबाने इतिहासाला दोन-तीन वर्षे लहान. जवळून दूर जाण्याची ही रीत काही अडाणी नव्हे. तिच्यामागे शिक्षणशास्त्राची जुनी आणि भक्कम परंपरा आहे. मुलाला जे दिसते, जिथे ते चालत जाऊ शकते, तिथून आरंभ करावा, हे तत्त्व सहज पटणारे आहे. अफजलखानाच्या वधाची गोष्ट ऐकताना मुलाच्या अंगावर येणारा काटा हा इतिहासाच्या गोडीचा पहिला अंकुर असतो, हेही नाकारता येत नाही. मोरेतबाईंचा आक्षेप त्या काट्यालाच होता. दोन्ही बाजूंना आपापले बळ आहे आणि हा वाद आजही मिटलेला नाही.

याच शाळेशी भारताचा एक धागा जोडलेला आहे. कमला नेहरूंच्या क्षयरोगावरील उपचारांसाठी १९२६ च्या मार्चमध्ये नेहरू कुटुंब जिनिव्हात आले आणि आठ वर्षांची इंदिरा या आंतरराष्ट्रीय शाळेत जाऊ लागली. पुढे १९३१ ते १९३४ या काळात ती पुण्यात, वकील दांपत्याच्या 'प्युपिल्स ओन स्कूल'मध्ये शिकली आणि अखेर मुंबई विद्यापीठाची मॅट्रिक देऊन बाहेर पडली. इकडे तुरुंगातून वडील तिला जगाचा इतिहास लिहून पाठवत होते. १९३० ते १९३३ या काळातील त्या एकशे शहाण्णव पत्रांचे पुस्तक सर्वांना ठाऊक आहे. त्यातले पहिले पत्र तिच्या तेराव्या वाढदिवसाचे आहे, म्हणजे मोरेतबाईंनी आखलेली बारा वर्षांची रेषा नुकतीच ओलांडल्यावरचे. हा योगायोगच मानावा. पण एका देशाचा स्वातंत्र्यलढा लढणाऱ्या माणसाने मुलीला इतिहास शिकवताना चीन, ग्रीस, अरबस्तान आणि हिंदुस्थान शेजारी शेजारी मांडले, ही गोष्ट लहान नाही.

मॅट्रिकचा उल्लेख वर सहज आला असला, तरी सारी गाठ तिथेच होती.

जिनिव्हाची शाळा लहान मुलांना कितीही एकत्र शिकवो, शेवटच्या दोन वर्षांत वर्ग फुटत असे. फ्रान्सला जाणाऱ्याला फ्रेंच बॅकलॉरिआ, इंग्लंडला जाणाऱ्याला ए-लेव्हल, अमेरिकेला जाणाऱ्याला तिकडच्या कॉलेज बोर्डाच्या परीक्षा, आणि स्वित्झर्लंडमध्ये राहणाऱ्याला तेथील मॅच्युरिटी. विद्यापीठे देशांची होती, म्हणून परीक्षाही देशांच्या. आणि परीक्षा ज्याची, अभ्यासक्रम त्याचा, हा नियम जिनिव्हालाही चुकला नाही. दहा वर्षे एका बाकावर बसलेली मुले सोळाव्या वर्षी आपापल्या राष्ट्राच्या खोलीत परत पाठवली जात. शाळेलाही एकेका खोलीत दोन-चार मुलांसाठी वेगळा शिक्षक नेमणे परवडत नव्हते. आदर्शवादाइतकीच ही जमाखर्चाची अडचणही या अभ्यासक्रमाची जननी आहे.

तोडगा इतिहासाच्या शिक्षकांकडून यावा हे स्वाभाविकच होते. शाळेतील अमेरिकन इतिहास-शिक्षक रॉबर्ट लीच यांच्या पुढाकाराने १९६२ मध्ये आंतरराष्ट्रीय शाळांतील सामाजिक शास्त्रांच्या शिक्षकांची परिषद जिनिव्हात भरली. सर्व देशांना चालेल अशी एकच शालान्त परीक्षा असावी, हा विचार तिथे पुढे आला. नमुन्यादाखल पहिला विषय निवडला गेला तो समकालीन इतिहास. १९६३ मध्ये त्याची चाचणी-परीक्षा झाली. गणित किंवा पदार्थविज्ञान घेतले असते तर काम सोपे झाले असते, कारण पायथागोरस सगळीकडे सारखाच. या मंडळींनी मुद्दाम सर्वांत भांडणाचा विषय आधी हाती घेतला. शीतयुद्ध ऐन भरात होते, क्यूबाचा पेचप्रसंग ताजा होता, आणि विषय होता समकालीन इतिहास! ज्यावर एकमत होणे अशक्य तिथेच एक प्रश्नपत्रिका काढून दाखवली, तर बाकीचे विषय आपोआप मार्गी लागतील, हा हिशेब खरा ठरला.

यानंतर सूत्रे ऑक्सफर्डच्या शिक्षण विभागाचे प्रमुख ॲलेक पीटरसन यांच्याकडे गेली. हे गृहस्थ युद्धकाळात आग्नेय आशियात माउंटबॅटन यांच्या हाताखाली मानसशास्त्रीय युद्धाच्या कामावर होते. शत्रूच्या मनात शंका कशी पेरावी हे शिकलेला माणूस पुढे मुलांच्या मनात शंका कशी जोपासावी याचा अभ्यासक्रम आखतो, हा इतिहासाचा एक मिश्कील प्रसंग म्हणावा लागेल. पीटरसन यांचे दुखणे मात्र इंग्रजी होते. इंग्लंडमध्ये सोळाव्या वर्षीच मुलांची कला आणि विज्ञान अशी वाटणी होई आणि पुढे ती दोन्ही बेटे एकमेकांशी बोलत नसत. दहावीच्या निकालानंतर कला, वाणिज्य आणि विज्ञान यांच्या रांगांत उभे राहिलेल्यांना हे दुखणे चांगलेच परिचयाचे आहे. दुसरीकडे फ्रान्समध्ये सगळेच विषय सगळ्यांना, आणि मग पाठांतराचा डोंगर.

तडजोड निघाली ती अशी : सहा विषय, त्यांपैकी तीन खोलवर आणि तीन बेताचे. मातृभाषा किंवा उत्तम येणारी भाषा, दुसरी एक भाषा, मानव्यविद्या, विज्ञान, गणित आणि कला अथवा आणखी एक विषय. यांच्या जोडीला ज्ञानमीमांसेचा एक तास, म्हणजे आपल्याला जे ठाऊक आहे ते ठाऊक आहे असे आपण कशावरून म्हणतो, याचा विचार. फ्रेंच शाळांच्या शेवटच्या वर्षातील तत्त्वज्ञानाच्या तासाचा हा वारस. तो घडवण्यात जिनिव्हाचे तत्त्वज्ञानाचे शिक्षक जेरार रनो यांचा मोठा वाटा होता. शिवाय चार हजार शब्दांचा एक स्वतंत्र निबंध आणि वर्गाबाहेरचे सेवाकार्य. १९६८ मध्ये संस्था रीतसर स्थापन झाली आणि १९७० मध्ये पहिली अधिकृत परीक्षा. भारतात हा डिप्लोमा १९७६ मध्ये कोडाईकनालच्या आंतरराष्ट्रीय शाळेत पोहोचला.

अशा रीतीने जिन्याची सर्वांत वरची पायरी आधी तयार झाली. खालच्या पायऱ्या मात्र अजून हवेतच होत्या.

सोळाव्या वर्षी येऊन जे मूल प्रथमच 'हे कशावरून?' असे विचारू लागते, त्याला फार उशीर झालेला असतो, हे शिक्षकांच्या लवकरच ध्यानात आले. १९८० मध्ये टांझानियातील मोशी येथे, किलिमांजारोच्या पायथ्याशी, एक परिषद भरली. माध्यमिक वयाच्या मुलांची गरज काय, हा तिचा विषय होता. तिथून सुरू झालेल्या कामाला फळ यायला चौदा वर्षे लागली. ११ ते १६ वयासाठीचा मधला कार्यक्रम आयबीने १९९४ मध्ये स्वीकारला. १९९० मध्ये काही आंतरराष्ट्रीय शाळांनी मिळून प्राथमिक वयासाठी वेगळा प्रकल्प हाती घेतला. व्हिएन्नाच्या शाळेचा त्यात पुढाकार होता. ३ ते १२ वयाचा तो कार्यक्रम १९९७ मध्ये आयबीत आला. २०१२ मध्ये व्यवसायाभिमुख शिक्षणाची चौथी वाटही जोडली गेली, तिच्याविषयी येथे अधिक सांगण्याचे कारण नाही.

तीन पायऱ्या तीन वेगवेगळ्या सुतारांनी, वेगवेगळ्या दशकांत घडवल्या, म्हटल्यावर सांधे करकरणारच. प्राथमिक कार्यक्रमात विषयांच्या भिंती जवळजवळ नाहीत. सहा व्यापक सूत्रे आहेत आणि मुलाने त्यांच्याभोवती शोध घ्यायचा. डिप्लोमात बाहेरच्या परीक्षकापुढे कडक लेखी परीक्षा. मधल्या कार्यक्रमात काय शिकवायचे हे बरेचसे शाळेवर सोपवलेले. मुले आनंदाने शिकतात, पण डिप्लोमाच्या उंबरठ्यावर अडखळतात, ही तक्रार वर्षानुवर्षे होत राहिली. २०१४ मध्ये मधल्या कार्यक्रमाची पुनर्रचना झाली आणि २०१६ पासून त्याच्या अखेरीस संगणकावरील ऐच्छिक परीक्षाही आली. शेवटी परीक्षेने आपला हात खालच्या पायरीपर्यंत पोहोचवलाच.

खरे कुतूहल इतिहासाच्या बाबतीत आहे. मोरेतबाईंची बारा वर्षांची रेषा या जिन्यात राहिली का? राहिली नाही. पण चौथीतल्या वीरकथेचा मार्गही घेतला गेला नाही. प्राथमिक कार्यक्रमाच्या सहा सूत्रांपैकी एक 'स्थळ आणि काळात आपण कुठे आहोत' असे आहे. त्यात मुलाची सुरुवात ना पृथ्वीच्या गोलापासून होते ना राष्ट्रपुरुषापासून. ती होते आजीच्या ट्रंकेपासून. घरातील जुना फोटो, पितळी डबा, कुटुंबाने एका गावाहून दुसऱ्या गावी केलेले स्थलांतर. ही वस्तू कुणाची, ती केव्हाची हे कसे कळले, आजी सांगते ते आणि आजोबा सांगतात ते जुळते का? सात वर्षांचे मूल हे विचारू शकते आणि यात कुणाशी वैर धरण्याचा संभव नसतो. (आजी-आजोबांचे पटत नसेल, तर गोष्ट वेगळी.) जवळून दूर हे आपले तत्त्व येथे टिकले आणि भावनेआधी पुरावा हा मोरेतबाईंचा आग्रहही टिकला.

तेच काम वरच्या पायरीवर कसे दिसते, ते पाहण्याजोगे आहे. २०१७ पासून परीक्षा झालेल्या आराखड्यात पहिली प्रश्नपत्रिका एका तासाची. मुलापुढे चार साधने ठेवली जातात : कधी भाषणाचा उतारा, कधी व्यंगचित्र, कधी एखाद्या इतिहासकाराचा परिच्छेद. त्यातल्या एकाचा उगम, हेतू आणि आशय पाहून त्याचे मूल्य काय व मर्यादा काय, ते सांगायचे. साधन खोटे की खरे, असा प्रश्न नसतो. ते कशासाठी उपयोगी आणि कशासाठी निरुपयोगी, असा असतो. बखरीच्या बाबतीत हा विवेक महाराष्ट्राला राजवाडे यांच्या पिढीपासून ठाऊक आहे. फरक इतकाच, की तो आपल्याकडे संशोधन मंडळाच्या दारापर्यंत राहिला, शाळेच्या बाकापर्यंत फारसा आला नाही.

या अभ्यासक्रमावरचे आक्षेप झाकून ठेवण्यात अर्थ नाही. अधिकाऱ्यांच्या मुलांसाठी निघालेली गोष्ट भारतात आजही मुख्यतः भरमसाट शुल्क घेणाऱ्या खाजगी शाळांतच सापडते. अमेरिकेत मात्र बहुसंख्य आयबी शाळा सरकारी आहेत, म्हणजे हे दुखणे अभ्यासक्रमाच्या मुळाशी नाही, आपल्या व्यवस्थेत आहे. दुसरा आक्षेप अधिक बोचरा. 'जग' म्हणून जे शिकवले जाते ते पाहणारे डोळे बराच काळ युरोपचेच होते. इतिहास खोलवर घेणाऱ्याला आता आफ्रिका व मध्यपूर्व, अमेरिका खंड, आशिया व ओशनिया किंवा युरोप यांतून एक प्रदेश निवडता येतो. परंतु प्रदेशाची निवड प्रत्यक्षात शाळाच करते, आणि पुण्या-मुंबईतील एखादी शाळा युरोप निवडून मोकळी झाली, तर तिला अडवणारे कोणी नाही.

प्राथमिक कार्यक्रम आयबीत आला त्याच वर्षी, १९९७ मध्ये, पुण्याच्या पश्चिमेला मुळशी तालुक्यात पौडजवळच्या टेकडीवर महिंद्रा युनायटेड वर्ल्ड कॉलेज सुरू झाले. अनेक देशांची मुले तिथे दोन वर्षे राहून हाच डिप्लोमा करतात. अशा मुलाने इतिहास घेतला, तर २०१७ च्या आराखड्यानुसार त्याला बावीसशे शब्दांचे एक स्वतंत्र संशोधन करावे लागते. विषय कोणताही चालतो. अट एकच, तो निदान दहा वर्षांपूर्वीचा हवा. खाली दरीपलीकडे पुणे आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटून त्या शहराच्या पेठा पाण्याखाली गेल्या, हाही विषय होऊ शकतो. मग केनियाहून किंवा नॉर्वेहून आलेले एखादे मूल त्या आठवड्याची वृत्तपत्रे शोधील, न्यायालयीन चौकशीचा अहवाल मागवील, भिंतीवर पुराची खूण जपून ठेवलेल्या एखाद्या वाड्यातल्या वृद्धांशी दुभाष्यामार्फत बोलेल. त्यातली दोन साधने निवडील आणि पहिल्या पानावर लिहील : ही कोणी, केव्हा, कशासाठी निर्माण केली.